पंडिता रमाबाई व नित्याच्या कामांतील भक्ति

सकाळची घंटा होते, प्रार्थना होते, पवित्र शास्त्राचा पाठ होतो, आणि मग गणित, भूगोल, जेवणाची सुटी व खेळ यांत शाळेचा दिवस निघून जातो. प्रार्थनेच्या त्या पांच-दहा मिनिटांचा उरलेल्या दिवसाशीं संबंध काय, असा प्रश्न आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आम्हांस विचारिला. प्रश्न लहान दिसतो. परंतु तो ज्याच्या मनांत उभा राहिला त्याला सहजासहजीं सोडीत नाहीं. स्वतःस ख्रिस्ती म्हणविणाऱ्या मनुष्यानें तर तो रोज आपल्या मनास विचारावा अशा योग्यतेचा आहे. त्याचें उत्तर उपदेशाच्या चार वाक्यांनीं देण्यापेक्षां एका थोर स्त्रीच्या चरित्रानें द्यावें असें आम्हीं योजिलें आहे. ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचें नांव महाराष्ट्रांत पुष्कळांस ठाऊक आहे. त्या संस्कृत विद्येंत पारंगत होत्या, त्यांनीं विलायत व अमेरिका पाहिली, विधवांसाठीं संस्था काढिली, एवढें बहुतेक वाचकांच्या कानांवर आलेलें असतें. परंतु त्यांची भक्ति कोठें दिसून आली असें कोणी विचारिलें, तर आम्ही त्याला व्याख्यानपीठाकडे नेणार नाहीं. केडगांवच्या विहिरीकडे, चुलीकडे, मागाकडे व छापखान्याकडे नेऊं. तेथपर्यंतची बाईंची वाट फार लांबची व कष्टाची होती, आणि ती समजल्यावांचून त्या विहिरीचें व चुलीचें मोल आपणांस कळावयाचें नाहीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृताचे मोठे पंडित होते. तरुणपणीं ते पुण्यास गुरूजवळ अध्ययन करीत असतां पेशव्यांच्या वाड्यांतील एक स्त्री संस्कृत शिकत असल्याचें त्यांस कळलें, आणि आपल्याहि पत्नीस ही विद्या द्यावी असें त्यांच्या मनानें घेतलें. पुढें दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनीं संस्कृत शिकविलें. स्त्रीस देववाणी शिकविणारा हा मनुष्य धर्मबाह्य वागतो अशी ओरड झाली, तेव्हां शास्त्रीबोवांनीं ग्रंथांचा आधार देऊन आपली बाजू मांडिली. पण निंदेच्या वाऱ्यांत राहण्यापेक्षां त्यांनीं अरण्यवास पत्करिला. रमा सहा महिन्यांची असतां आश्रम सोडण्याचा प्रसंग आला. वेताच्या पेटाऱ्यांत घालून तिला डोंगराखालीं नेण्यांत आलें, आणि तेथून या कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली ती पुढें वर्षानुवर्षें थांबलीच नाहीं.

या यात्रेंत आई हीच रमेची शाळा होती. दिवसाचीं कामें सुरू होण्यापूर्वीं, पांखरें नुकतीं किलबिलूं लागलेलीं असतां, लक्ष्मीबाई मुलीस जवळ घेऊन जागें करीत आणि डोळे चोळणाऱ्या त्या बालिकेकडून श्लोक म्हणवून घेत. अशा रीतीनें रमेला भागवत पुराण मुखोद्गत झालें. देवळांच्या ओसरीवर हें कुटुंब पुराण सांगे, आणि ऐकणारे जें पुढें ठेवीत त्यावर त्याचा निर्वाह चाले.

पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला, आणि येथेंच या चरित्रांतील पहिला मोठा धडा आहे. अनंतशास्त्र्यांनीं जवळचें द्रव्य दानधर्मांत व अनुष्ठानांत वेंचिलें. पैसा संपला, दागिने संपले, शेवटीं भांडीहि संपलीं. तरी मोलमजुरी करावी असें कोणास सुचलें नाहीं, आणि सुचलें तरी रुचलें नाहीं. वेदशास्त्रसंपन्न घराण्यांतील मनुष्यानें मातीची पाटी उचलावी ही कल्पनाच त्यांस असह्य होती. आणि पोट भरेल असा हातांचा धंदा घरांतील एकासहि कोणीं शिकविलेला नव्हता. अरण्यांतील पाला व फळें खाऊन त्यांनीं दिवस काढिले. १८७४ सालीं वडील वारले, त्यांच्या मागोमाग आई गेली, आणि थोड्याच काळानें वडील बहीणहि गेली. आईचें प्रेत उचलण्यास माणसें मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले. उरलेल्या दोन बाजू भाऊ श्रीनिवासशास्त्री व रमा यांनीं धरिल्या. रमेची उंची इतकी कमी कीं, खांदा पुरेना, म्हणून तिनें ती बाजू डोक्यावर घेतली आणि सुमारें तीन मैल चालत श्मशान गांठिलें. सोळा वर्षांच्या मुलीच्या मनावर त्या दिवसांचा जो ठसा उमटला तो कधींहि पुसला गेला नाहीं. हातांनीं काम करण्याची लाज हीहि एक प्राण घेणारी गोष्ट आहे, हें त्यांनीं पुस्तकांतून नव्हे तर आईबापांच्या मरणांतून शिकून घेतलें.

भाऊबहीण पुढें कित्येक वर्षें पायीं हिंदुस्थान हिंडलीं. थंडीत अंगावर पुरेसें पांघरूण नाहीं, पोटांत पुरेसें अन्न नाहीं, अशा स्थितींत १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या ब्राह्मण कन्येची परीक्षा घेतली व तिला पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविलें. पण सुखाचे दिवस थोडे होते. १८८० सालीं श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. वर निराळ्या जातीचा, निराळ्या प्रांताचा. त्यामुळें दोघांसहि आप्तांनीं दूर केलें. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीस पटकीनें नेलें. तेवीस वर्षांच्या वयांत रमाबाई विधवा झाल्या. कडेवर तान्ही मुलगी घेऊन त्या महाराष्ट्रांत आल्या.

पुण्यास महादेव गोविंद रानडे प्रभृति सुधारकांनीं त्यांचें स्वागत केलें. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें आणि हंटर शिक्षण कमिशनापुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात असें आग्रहानें मांडिलें. ख्रिस्ती धर्माचा परिचय त्यांस पूर्वींच झाला होता. सिलचर येथें पतीच्या पुस्तकांत त्यांस लूकचें बंगाली शुभवर्तमान सांपडलें होतें. स्वतः डॉक्टर होण्याच्या हेतूनें त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. वाटखर्चास पुस्तकाच्या विक्रीचा पैसा उपयोगी पडला. वांटेज येथील भगिनीमंडळानें त्यांस आश्रय दिला.

आतां वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या स्त्रीनें शास्त्रार्थांत पंडितांस चकित केलें, तिचें मन ख्रिस्ताकडे कशानें वळलें? वादविवादानें नव्हे. भगिनीमंडळानें त्यांस लंडनजवळ फुलहॅम येथें आपलें एक कार्य पाहण्यास पाठविलें. ज्या स्त्रिया कुमार्गास लागल्या होत्या, ज्यांच्या सावलीसहि लोक टाळीत, त्यांना तेथें भगिनी जवळ घेत, त्यांचे आजार काढीत, त्यांस काम शिकवीत. पतितांना दया दाखवावी हें रमाबाईंनीं ऐकिलें होतें. पण त्यांच्या जखमा धुणारीं माणसें त्या प्रथमच पाहत होत्या. असें करण्याची प्रेरणा यांस कोठून मिळते, असें त्यांनीं विचारिलें, तेव्हां त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यांत आली: ख्रिस्त विहिरीच्या कांठीं दमून बसला असतां जिला कोणी जवळ करीत नसे तिच्याजवळ त्यानें पाणी मागितलें, ती गोष्ट. ती वाचून रमाबाईंचें मन हललें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. म्हणजे धर्मग्रंथ त्यांस उमगला तो दुसऱ्यांच्या हातांचें काम पाहिल्यावर, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

तथापि बाप्तिस्म्यानें सर्व कांहीं संपलें असें नाहीं. ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें डॉक्टर होण्याची आशा त्यांस सोडावी लागली. चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजांत त्यांनीं संस्कृत शिकविलें व स्वतः इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र यांचा अभ्यास केला. धर्ममतांविषयीं त्या भगिनींना नाना प्रश्न विचारीत, आणि जें आपल्या सद्‌बुद्धीस पटलें नाहीं तें केवळ वडिलकीच्या आज्ञेनें मान्य करण्यास त्या तयार नसत. यामुळें ज्यांचे उपकार त्यांच्यावर होते त्यांच्याशींहि कधीं कधीं खटका उडे. पुढें पुष्कळ वर्षांनीं त्यांनीं स्वतःविषयीं फार प्रांजळ कबुली दिली: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षेंपर्यंत आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्मा घेतलेल्या, शास्त्र वाचणाऱ्या, लोकसेवा करणाऱ्या बाईनें असें लिहावें हें आम्हां सर्वांस विचार करावयास लावणारें आहे. नांवाचा ख्रिस्ती व दिवसभराचा ख्रिस्ती यांत अंतर असूं शकतें; आणि तें अंतर दुसऱ्याच्या नव्हे, आपल्याच आयुष्यांत शोधावें, हें त्यांनीं आपल्या उदाहरणानें दाखविलें.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरीच्या पदवीदानाच्या समारंभास रमाबाई अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें गेल्या. तेथें त्यांनीं बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयीं इंग्रजींत एक पुस्तक लिहिलें. तें १८८७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या कार्यास दहा वर्षें साह्य करण्यासाठीं बोस्टन येथें एक मंडळी स्थापन झाली. १८८९ सालीं परत येऊन ११ मार्च रोजीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडिलें. आरंभीं तेथें अवघ्या दोन मुली होत्या. पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई नातू या बालविधवा. त्यांचा १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई कर्वे या नांवानें त्या महाराष्ट्रास परिचित झाल्या.

शारदा सदन पुढें पुण्यास आलें, आणि तेथें रमाबाईंची खरी कसोटी लागली. सदनांत मुलींना धर्म शिकवावयाचा नाहीं, त्यांचे आचार व खाणेंपिणें त्यांच्या रीतीप्रमाणें चालूं द्यावयाचें, असें ठरलेलें होतें व रमाबाईंनीं तें पाळिलें. परंतु त्या स्वतः रोज मनोरमेबरोबर आपल्या खोलींत प्रार्थना करीत आणि खोलीचें दार बंद करीत नसत. आईप्रमाणें ज्यांच्याशीं वागावें त्या मुलींना आपल्या खोलीची बंदी करणें त्यांस प्रशस्त वाटेना. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. कांहींच्या मनांत श्रद्धा उत्पन्न झाली. पुण्यांत वादळ उठलें. वर्तमानपत्रांनीं टीकेची झोड उठविली, पालकांनीं पुष्कळ मुली काढून नेल्या, आणि १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं आपला संबंध तोडिला.

या वादांत दोन्ही बाजू शांतपणें पाहिल्या पाहिजेत. ज्या आईबापांनीं आपल्या विधवा मुलीस घराबाहेर धाडण्याचें धैर्य केलें त्यांची भीति खोटी नव्हती, आणि सल्लागारहि कांहीं हलक्या मनाचे पुरुष नव्हते. लोकांस दिलेल्या शब्दाची त्यांस चिंता होती. रमाबाईंनाहि शब्दाची चिंता होती. परंतु स्वतःची प्रार्थना लपून करावी, हें मात्र त्यांच्यानें झालें नाहीं. उघडें दार ठेवण्याबद्दल त्यांस जवळचे मित्र गमवावे लागले. आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादावयाची नाहीं, आणि भीतीनें झांकावयाचीहि नाहीं, या दोन गोष्टी एकाच वेळीं संभाळणें किती अवघड आहे, हें ज्यास कळेल तो या प्रसंगीं कोणासहि घाईनें दोष देणार नाहीं. आमच्या वाचकांत निरनिराळ्या धर्मांचीं कुटुंबें आहेत. त्यांस हा भाग विशेष विचारार्ह वाटेल.

१८९६ व १८९७ या वर्षीं मध्यप्रांतांत घोर दुष्काळ पडला. रमाबाईंच्या डोळ्यांपुढें आपली वीस वर्षांपूर्वींची अवस्था उभी राहिली. अमेरिकेंतील मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. हातीं असलेल्या पैशांत होत्या त्या मुलींचेंच भागावयाचें होतें. हिशेब पाहिला असता तर घरीं बसणेंच शहाणपणाचें होतें. परंतु उपाशी मनुष्यास तुझें बरें होवो असें म्हणून रिकाम्या हातीं लावून देणारी श्रद्धा निर्जीव होय, असें याकोबाच्या पत्रांत सांगितलें आहे. आणि रमाबाई तें वाचून पुस्तक मिटणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि झाडांखालीं, रस्त्यांच्या कडेस, दुष्काळी छावण्यांत पडलेल्या मुली व तरुण विधवा गोळा करून आणूं लागल्या. पाहतां पाहतां संख्या तीनशेंवर गेली. पुण्यास त्या वेळीं प्लेग होता. तेव्हां पुण्यापासून सुमारें ३५ मैलांवर, दौंड तालुक्यांत केडगांव येथें बाईंनीं पूर्वींच विकत घेतलेल्या जमिनीवर या मुलींची सोय करण्यांत आली. यांतूनच मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० च्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळपीडित मुली आल्यावर तेथील वस्ती दीड हजाराच्या वर गेली.

दूरून पाहणाऱ्यास हें सारें मोठें रमणीय वाटतें. जवळून तसें नव्हतें. भुकेनें माणूस केवळ वाळत नाहीं, त्याचा स्वभावहि बिघडतो. या मुलींच्या अंगावर व्रण होते, डोक्यांत उवा होत्या, पोटें अन्न सोसण्याच्या पलीकडे गेलीं होतीं. त्या अन्न चोरीत, लपवीत, एकमेकींशीं भांडत. अशा मुलीस न्हाऊं घालावयाचें, थोडें थोडें भरवावयाचें, रात्रीं उठून तिचें पाहावयाचें, आणि उद्यां सकाळीं पुन्हां तेंच. शारदा सदनांतील मोठ्या मुलींनीं हें काम वांटून घेतलें. एकेकीनें कांहीं नव्या मुली आपल्या संभाळांत घेतल्या. यांतील कित्येकजणी उच्च कुळांतल्या होत्या. ज्यांच्या सावलीसहि त्या पूर्वीं शिवल्या नसत्या त्यांचे व्रण आतां त्या धूत होत्या. फुलहॅम येथें रमाबाईंनीं जें पाहिलें होतें तें आतां त्यांच्या स्वतःच्या अंगणांत रोज घडूं लागलें.

मुक्ति सदनाची व्यवस्था पाहिली म्हणजे पहिल्या दुष्काळाचा धडा बाई विसरल्या नव्हत्या हें स्पष्ट दिसतें. जिला अक्षर शिकविलें तिला हातांचें कामहि शिकविलें. विहिरी खोदल्या, मळे केले, गाईगुरें पाळलीं. कोणी मागावर बसे, कोणी तेलाचा घाणा पाही, कोणी शिवणकाम करी, कोणी भाकरी व पाव भाजी, कोणी छापखान्यांत खिळे जुळवी. आंधळ्या मुलींनाहि रिकामें ठेविलें नाहीं. त्यांस बोटांनीं वाचण्याची ब्रेल लिपि व वेताचें काम शिकविण्यांत आलें. संकटांत सांपडलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन आणि वृद्धांसाठीं प्रीति सदन अशीं निराळीं घरें झालीं. प्रार्थना तर तेथें होतच असे, आणि १९०५ सालीं मुक्तींत जी मोठी धर्मजागृति झाली ती पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्या जागृतीच्या दुसऱ्या दिवशींहि गाईची धार काढावी लागे, पीठ दळावें लागे आणि शेकडों तोंडांस अन्न घालावें लागे. प्रार्थना व दळण यांत कोणतें श्रेष्ठ, असा प्रश्न तेथें उरलाच नव्हता. एकानें दुसऱ्यास बळ द्यावें, अशी ती रीत होती.

रमाबाईंचें स्वतःचें राहणें अगदीं साधें होतें. पांढरें जाडेंभरडें लुगडें, शाकाहारी जेवण आणि पहांटे उठणें हा क्रम त्यांनीं शेवटपर्यंत ठेविला. धर्म बदलला म्हणून देशाचा वेष किंवा भाषा टाकावी असें त्यांस कधीं वाटलें नाहीं. तशीच अन्यायापुढें गप्प बसण्याची त्यांस संवय नव्हती. १८९७ च्या प्लेगांत सरकारी इस्पितळांत स्त्रियांची आबाळ होते व त्यांची अब्रू सुरक्षित नाहीं, असें त्यांनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रांत उघड लिहिलें, आणि तो प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. राज्यकर्तेहि ख्रिस्ती आणि आपणहि ख्रिस्ती, तेव्हां त्यांचे दोष झांकावे, हा विचार त्यांस शिवला नाहीं.

आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत बाईंनीं एक नवें ओझें उचलिलें. पवित्र शास्त्राचें चालू मराठी भाषांतर विद्वानांच्या वळणाचें आहे, खेड्यांतील न शिकलेल्या बाईस तें समजत नाहीं, असें त्यांस वाटे. म्हणून उतारवयांत त्यांनीं इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि सर्व शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्यास आरंभ केला. संस्कृताची पंडिता, जिला अवघड शब्दांचा तोटा नव्हता, ती रोज मेजाशीं बसून दळणाऱ्या बाईस कळेल असा शब्द शोधीत असे! त्या भाषांतराचे खिळे मुक्तींतील मुलींनीं जुळविले, पानें त्यांनींच छापलीं. एकेकाळीं रस्त्यावर मरावयास टाकलेल्या मुलींच्या हातून हें पुस्तक घडत होतें.

१९१९ सालीं सरकारनें बाईंना कैसर-इ-हिंद पदक दिलें. परंतु मानाच्या मागोमाग दुःख आलें. मनोरमाबाई शिकून, पदवीधर होऊन आईचा उजवा हात झाल्या होत्या. सर्व संस्थेची भिस्त त्यांच्यावर होती. १९२१ च्या जुलै महिन्यांत त्या वारल्या. आईबाप, भाऊ, बहीण व पति यांना पोंचविलेल्या त्या स्त्रीस आतां एकुलत्या एका मुलीसहि पोंचवावें लागलें. तरीहि भाषांतराचीं मुद्रितें तपासण्याचें काम थांबलें नाहीं. तें काम हातावेगळें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. संपूर्ण मराठी शास्त्र त्यांच्या मागून प्रसिद्ध झालें. केडगांवची संस्था आजहि निराधार स्त्रियांचें व मुलांचें काम करीत आहे.

विद्यार्थी मित्रहो, आतां तुमच्या प्रश्नाकडे वळूं. प्रार्थनेचा उरलेल्या दिवसाशीं संबंध काय? रमाबाईंच्या चरित्राकडे पाहिलें तर असें दिसतें कीं, प्रार्थनेंत आपण देवाजवळ जें मागतों तें दुसऱ्यास देण्याची संधि त्याच दिवशीं आपल्या हातीं येत असते. क्षमा मागितली असेल तर खेळाच्या मैदानावर ती द्यावी लागते. रोजची भाकर मागितली असेल तर डबा न आणलेल्या शेजाऱ्याकडे डोळेझांक करून चालत नाहीं. सत्याचा मार्ग मागितला असेल तर परीक्षेच्या वेळीं शेजारच्या पानाकडे नजर जातां कामा नये. हीं कामें लहान आहेत, आणि कोणी पाहील असेंहि नाहीं. परंतु व्रण धुणें व खिळे जुळविणें हींहि लहानच कामें होतीं. रमाबाईंचें मोठेपण त्या लहान कामांस रोज नव्यानें उभें राहण्यांत होतें.

आईबापांसहि आमची एक नम्र विनंति आहे. आपल्या मुलांनीं पुस्तकांत नांव काढावें अशी इच्छा आपण सर्वच धरितों, व ती योग्यहि आहे. पण त्यांस विहिरीचें पाणी शेंदूं द्यावें, झाडू धरूं द्यावा, आजारी माणसाची उशी नीट करूं द्यावी. विद्वान् पण हातांनीं पंगु अशा एका कुटुंबाची गत काय झाली तें वर आलेंच आहे. आणि त्याच कुटुंबांतील उरलेल्या एका मुलीनें विद्या व श्रम यांची सांगड घालून शेकडों जीव कसे वांचविले, तेंहि आलें आहे.

उद्यां सकाळीं पुन्हां घंटा होईल व आपण प्रार्थनेस उभे राहूं. ती संपल्यावर वर्गाकडे जातांना वाटेंत जें पहिलें काम दिसेल, मग तें पडलेला कागद उचलण्याचें असो कीं रडणाऱ्या लहान मुलाचा हात धरण्याचें असो, तें आपलेंच आहे असें समजून आपण करावें. प्रभु आम्हां सर्वांस, शिक्षकांस आधीं आणि विद्यार्थ्यांस मागून, तशी बुद्धि देवो.